इस्तंबूलचं पाणी जोखताना

भाड्याचं घर बघायला गेलेला मराठी माणूस हॉल-किचन नंतर बघतो, आधी विचारतो, "पाणी कसं आहे?" रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइनने नव्या राजधानीसाठी, म्हणजे आजच्या इस्तंबूलसाठी, जागा हेरली तेव्हा हा प्रश्न त्याने फारसा मनावर घेतला नसावा. जागाच तशी भुरळ पाडणारी होती. युरोपचं शेवटचं टोक आणि समोर आशिया. उत्तरेला गोल्डन हॉर्न नावाची खोल, शांत खाडी; पूर्वेला बॉस्फरसची सामुद्रधुनी; दक्षिणेला मार्मराचा समुद्र. शत्रूला चालून यायला जमिनीची एकच बाजू, आणि व्यापाराला पाण्याच्या तीन. ११ मे ३३० रोजी थाटामाटात नगरप्रतिष्ठा झाली. पण त्या तिन्ही बाजूंचं पाणी खारं, आणि गावातलं वाहतं गोडं पाणी म्हणजे लायकस नावाचा एक ओढा. दोनशे वर्षांपूर्वी सम्राट हेड्रियनच्या काळात बाहेरून आणलेली एक नहर होती, पण ती लहान गावापुरती. साम्राज्याच्या राजधानीचा संसार तिच्यावर चालणार नव्हता.

इस्तंबूलला मी एकटी गेले होते. एकट्याने फिरण्याचे तोटे सगळ्यांना ठाऊक आहेत. फोटो काढायला कोणी नसतं, आणि टेबलावर चार पदार्थ मागवून प्रत्येकातलं थोडं थोडं खाता येत नाही. फायदा एकच, पण तो दणदणीत आहे. एखादा खुळा प्रश्न डोक्यात शिरला तर दिवसभर त्याच्यामागे हिंडता येतं, आणि "अगं, आयासोफिया राहिलं ना!" असं म्हणायला शेजारी कोणी नसतं. त्या दिवशी माझ्या डोक्यात एवढंच होतं, की या शहराने पाणी आणलं कुठून? आयासोफियाच्या घुमटाबद्दल तुम्ही कुठे ना कुठे वाचलेलं असणारच. तिच्या दारातली रांग आदल्या दिवशीच बघून ठेवली होती. तिला मनातल्या मनात नमस्कार केला आणि सकाळी उलट्या दिशेला, साराचहाने भागाकडे निघाले.

तिथे अतातुर्क बुलेवार नावाच्या भल्यारुंद रस्त्याला एक दगडी भिंत आडवी जाते. भिंत कसली, दोन मजली कमानींची रांगच. नऊ-दहा मजली इमारतीएवढी उंच, आणि नऊशे मीटरहून जास्त लांब. खालच्या कमानींतून बस, टॅक्सी, मोटारसायकली सुसाट जात असतात आणि कुणी मान वर करून बघत नाही. हा व्हॅलेन्सचा जलसेतू. तुर्की लोक त्याला बोझदोआन केमेरी म्हणतात. चौथ्या शतकात, सम्राट व्हॅलेन्सच्या कारकिर्दीत तो पुरा झाला. शहरातल्या दोन टेकड्यांमध्ये दरी होती आणि पाण्याला या टेकडीवरून त्या टेकडीवर न्यायचं होतं, म्हणून हा सेतू.

मी एका कमानीच्या पायाशी उभी राहिले आणि दगडाला हात लावला. खालचे चिरे मोठाले, एकावर एक नीट बसवलेले. वरच्या मजल्यावरचे लहान, आणि मध्ये मध्ये डागडुजीच्या खुणा. सांध्यांतून रानअंजीर उगवलेलं. एखाद्या किल्ल्याच्या तटाखाली उभं राहिल्यासारखं वाटलं. पण हा तट नव्हे, हा नळ आहे, हे स्वतःला पुन्हा बजावावं लागलं.

आणि हे तर त्या नळाचं फक्त शेवटचं टोक. पाणी येत होतं पश्चिमेकडच्या थ्रेस प्रांतातल्या डोंगरांतून, आजच्या विझे गावाच्या परिसरातून. सरळ रेषेत मोजलं तर अंतर शंभर किलोमीटरहून जास्त. पण पाणी सरळ रेषेत येत नाही. त्याला उतार कळतो, बाकी काही कळत नाही. पंप नसलेल्या काळात पाणी लांब न्यायचं तर उगमापासून मुक्कामापर्यंत एक अखंड, अगदी हलका उतार राखावा लागे. उतार जास्त झाला तर पाणी धावतं आणि पाट फोडतं; कमी झाला तर तुंबतं आणि गाळ साचतो. म्हणून पाट डोंगराच्या कुशीला धरून वळसे घेत जायचा. जिथे दरी ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही तिथे सेतू, जिथे डोंगर आडवा तिथे बोगदा. असे वळसे धरले तर या साऱ्या जाळ्याची लांबी चारशे किलोमीटरच्या पुढे जाते. रोमन जगात पाण्यासाठी याहून लांब वाट कुणी बांधली नाही. मुंबईहून निघालेला पाट सोलापूर गाठेल एवढं हे अंतर, आणि मोजायला हाताशी काय, तर ओळंबा, पाणसळ आणि डोळे.

अर्थात जो नळ इतका लांबून येतो, तो तोडायलाही सोपा. ६२६ साली आवार टोळ्यांनी शहराला वेढा घातला तेव्हा त्यांनी हेच केलं. तट अभेद्य होते, शहर पडलं नाही. पण नहर तुटली ती तुटलीच. ती दुरुस्त झाली ७६६ साली, सम्राट पाचव्या कॉन्स्टन्टाइनच्या काळात. मधली १४० वर्षं एक राजधानी मुख्य नळाविना जगली. कशी जगली याचं उत्तर जमिनीखाली आहे, पण तिकडे जाण्याआधी वाटेत सिनानची गाठ घ्यावी लागते.

ऑटोमन तुर्कांनी १४५३ मध्ये शहर जिंकलं आणि जुनी पाणीयोजना डागडुजी करून वापरात ठेवली. पुढे सोळाव्या शतकात लोकवस्ती फुगली, तेव्हा सुलतान सुलेमानने आपला वास्तुविशारद मिमार सिनान याला उत्तरेकडच्या जंगलातून नवी योजना आखायला लावली. सिनान म्हटलं की लोकांना मशिदी आठवतात, आणि सुलेमानिये मशीद आहेच तशी. पण माझ्या मते त्याचं खरं थोर काम किर्कचेश्मेची ही पाणीयोजना. १५५४ मध्ये काम सुरू झालं. १५६३ च्या महापुरात नव्या सेतूंची मोडतोड झाली, ती त्याने पुन्हा उभारली. या योजनांत जागोजागी दगडी मनोरे असत. नळातून पाणी दाबाने मनोऱ्याच्या माथ्यावरच्या हौदात चढायचं, तिथे त्याचा जोर मोडायचा, अडकलेली हवा निघून जायची, आणि ठरावीक मापाच्या नळ्यांमधून पाणी वाटण्या होऊन खाली उतरायचं. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, मलिक अंबरच्या नहरीवरचे मनोरे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

सिनानची कबर सुलेमानिये मशिदीच्या आवाराबाहेर, एका चिंचोळ्या त्रिकोणी कोपऱ्यात आहे. सुलतानाची कबर आत, घुमटाखाली. याची बाहेर, रस्त्याच्या कडेला. आणि त्या कोपऱ्याच्या टोकाला जाळीदार खिडक्यांची पाणपोई. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी पाणी पोचवणाऱ्याला ही जागा शोभते.

आता जमिनीखाली. आयासोफियापासून पाच मिनिटांवर एक साधीशी इमारत आहे. तिकीट काढायचं आणि पन्नासेक पायऱ्या उतरायच्या. पहिल्यांदा जाणवते ती हवा, ओली आणि गार. मग डोळे सरावतात आणि अंधुक तांबूस उजेडात खांब दिसू लागतात. एक रांग, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे आणखी, आणि सगळ्यांची उलटी प्रतिबिंबं खालच्या पाण्यात. येरेबातान सारनिजी, म्हणजे बॅसिलिका सिस्टर्न. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने बांधवलेलं हे पाण्याचं कोठार. लांबी सुमारे १४० मीटर, रुंदी सुमारे ७०. खांब ३३६, बारा रांगा, प्रत्येकीत अठ्ठावीस. प्रत्येक खांब नऊ मीटर उंच. पूर्ण भरलं तर सुमारे ८० हजार घनमीटर, म्हणजे आठ कोटी लिटर पाणी मावायचं.

एवढ्या खटाटोपाचं कारण जस्टिनियनच्याच काळातल्या प्रोकोपियस या इतिहासकाराने लिहून ठेवलंय. उन्हाळ्यात राजधानीला पाण्याची टंचाई भासे, एरवी पुरून उरे. म्हणून उरलेलं साठवायला हे कोठार. कारण वाचून हसू आलं. पंधराशे वर्षांपूर्वीचा जगातला सगळ्यात बलाढ्य सम्राट आणि लातूरचा शेततळंवाला, दोघांचं गणित एकच.

पण नुसता खड्डा खणून पाणी टिकत नाही, ते झिरपतं. इथल्या विटांच्या भिंती चार मीटर जाड आहेत आणि त्यांवर जो गिलावा आहे त्यात खरी हुशारी आहे. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो. पाण्याखाली त्याला हवा मिळत नाही, म्हणून तो कच्चाच राहतो. चुन्यात भाजलेल्या विटांची भुकटी मिसळली, की भाजलेल्या मातीतली सिलिका आणि ॲल्युमिना चुन्याशी थेट संयोग पावतात आणि हवेविनाही, पाण्यात बुडलेलं असतानाही, मिश्रण दगडासारखं होतं. तुर्कस्तानात या चुन्याला होरासान म्हणतात. आपल्याकडे जुने गवंडी त्या भुकटीला सुरखी म्हणत. सिमेंट आल्यावर माणसंही गेली आणि शब्दही बाजूला पडला.

खांब नीट बघितले तर लक्षात येतं की ते एका घरचे नाहीत. कुणाचा माथा पानाफुलांनी कोरलेला, कुणाचा अगदी साधा. कुणी एकसंध, कुणी दोन तुकडे जोडलेले. एका खांबावर थेंबासारखी नक्षी आहे आणि त्यावरून पाणी ओघळत असतं. पडक्या इमारतींमधून, जुन्या साठ्यांमधून मिळेल तो दगड इथे आणून उभा केलाय. पाण्याखाली कोण बघणार? हौदाच्या अगदी मागच्या कोपऱ्यात याचा कळस आहे. दोन खांबांच्या बुडाशी मेड्युसाची दोन प्रचंड शिरं आहेत. ग्रीक पुराणातली ही बाई. केसांच्या जागी साप, आणि जो हिच्या नजरेला नजर देईल तो दगड होतो. एक शिर आडवं पडलंय, दुसरं चक्क उलटं. तिची नजर निकामी करायला मुद्दाम असं ठेवलं, अशा गोष्टी वाटाडे रंगवून सांगतात. मला साधं कारण पटतं. खांब आखूड पडत होता आणि उंची जुळवायला एक ठोकळा हवा होता. डुगडुगणाऱ्या कपाटाखाली आपण पुठ्ठ्याची घडी सारतो, तसं त्यांनी मेड्युसाला सारलं. ज्या बाजूने उंची जुळली त्या बाजूने. उलट्या मेड्युसाच्या गालावर हिरवट शेवाळाचा पट्टा आहे, आणि ओठ मात्र अजून रेखीव. ही शिरं शतकानुशतकं गाळात होती; १९८० च्या दशकात गाळ उपसून कोठार लोकांसाठी खुलं केलं, तेव्हा ती उजेडात आली.

त्याआधी तर हे अख्खं कोठारच विस्मरणात गेलं होतं. ऑटोमनांना साठलेल्या पाण्यापेक्षा वाहतं पाणी पसंत. हौद मागे पडले, वर घरं उठली. १५४० च्या दशकात पिएर जील नावाचा फ्रेंच अभ्यासक जुनी हस्तलिखितं शोधत इथे आला. त्याला दिसलं, की या भागातले लोक घराच्या तळघरातल्या भोकातून बादली सोडून पाणी काढतात, इतकंच नाही, मासेही धरतात. जील चौकशी करत करत एका घरात शिरला, खाली उतरला, नावेत बसला आणि मशालीच्या उजेडात त्याने खांब मोजले. त्याचा आकडा ३३६. आजही तोच आहे. घरमालकांना आपण राजाच्या पाण्यावर राहतोय याची कल्पनाही नव्हती.

प्रोकोपियस आणि जील ही दोन नावं लक्षात ठेवा. दुपारी ती पुन्हा येणार आहेत.

वर आले तेव्हा ऊन कडकडीत झालं होतं. तोपकापी राजवाड्याच्या दारात तिसऱ्या अहमद सुलतानाचा १७२८ सालचा कारंजा आहे. चारही बाजूंना नळ, चारही कोपऱ्यांना जाळीच्या खिडक्या. आत माणूस बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला पाण्याचे पेले द्यायचा. काम देखणं आहे, एवढं सांगून पुढे जाते, कारण गोड्या पाण्याचा माग काढता काढता मला खाऱ्या पाण्याचं वेड लागलं होतं.

ट्राम पकडून काबाताशला, तिथून किनाऱ्याने जाणारी बस. सुरुवातीलाच दोल्माबाहचे राजवाडा लागतो. त्याचा पाण्याशी संबंध नाही, पण मराठवाड्याशी आहे, म्हणून थांबते. ३ मार्च १९२४ ला तुर्कस्तानने खिलाफत रद्द केली आणि शेवटचा खलिफा दुसरा अब्दुलमजीद याच राजवाड्यातून परागंदा झाला. त्याची मुलगी दुर्रुशेहवार १९३१ मध्ये हैदराबादच्या निजामाच्या थोरल्या मुलाला दिली. या सोयरिकीपोटी खलिफासाठी निजामाच्या राज्यात, खुलताबादजवळ, एक कबर बांधून ठेवली गेली. तो १९४४ मध्ये पॅरिसला वारला, दफन झालं मदिनेत. खुलताबादची कबर अजून रिकामी आहे.

बसमधून उतरले अर्नावुतकोय इथे, अकिंतिबुर्नू नावाच्या वळणावर. इथे बॉस्फरसचा ओढा फार जबर. शिडाच्या आणि वल्ह्याच्या काळात उत्तरेकडे जाणाऱ्या नावा इथे हतबल होत. मग किनाऱ्यावरची माणसं दोर बांधून त्यांना ओढून वळणापार नेत. कठड्याला टेकून पाणी बघितलं. हे समुद्राचं पाणी वाटतच नाही. भरती-ओहोटीने मागेपुढे होणारं आपलं कोकणातलं पाणी मला माहीत आहे. हे मात्र पावसाळ्यातल्या नदीसारखं एकाच दिशेने, भोवरे घेत, घाईघाईने दक्षिणेला चाललेलं. एक रिकामी बाटली तरंगत आली, आणि मी पर्समधून चष्मा काढेपर्यंत पार पुढे गेली.

कठड्यावर गळ टाकून बसलेले दहा-बारा जण होते. त्यातल्या एका म्हाताऱ्याला माझं टक लावून बघणं गमतीचं वाटलं असावं. "आब्ला," त्याने हाक मारली, म्हणजे ताई. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला तुर्की. त्याने एक तळवा दुसऱ्यावर धरला. वरचा हात दक्षिणेकडे सरकवला, खालचा उत्तरेकडे. मग पुन्हा. मग माझ्याकडे बघून मान हलवली.

म्हाताऱ्याने सांगितलं ते शब्दशः खरं आहे. बॉस्फरसमध्ये एकावर एक दोन प्रवाह आहेत, आणि ते एकमेकांच्या विरुद्ध दिशेला वाहतात. वरचा काळ्या समुद्राकडून मार्मराकडे. खालचा मार्मराकडून काळ्या समुद्राकडे.

असं का होतं? काळ्या समुद्राला डॅन्यूब, नीपर, नीस्टर यांसारख्या मोठ्या नद्या मिळतात. जेवढं पाणी वाफ होऊन जातं त्याहून जास्त येतं. त्यामुळे त्याची पातळी मार्मरापेक्षा साधारण फूटभर उंच, आणि पाणी निम्मं गोडं. लिटरमागे सुमारे १८ ग्रॅम मीठ. भूमध्य समुद्राचं उलटं. तिथे ऊन जास्त, नद्या कमी; पाणी आटतं आणि मीठ मागे राहतं, लिटरमागे सुमारे ३८ ग्रॅम. हेच खारं पाणी मार्मराच्या तळाशी येऊन बसतं. मीठ जास्त म्हणजे वजन जास्त. दर हजार लिटरमागे चौदा-पंधरा किलोंचा फरक पडतो.

आता पाण्याचे दोन खांब मनात उभे करा. एक काळ्या समुद्राकडचा, फूटभर उंच पण हलका. दुसरा मार्मराकडचा, फूटभर आखूड पण जड. पृष्ठभागाजवळ उंचीची सरशी होते, म्हणून पाणी दक्षिणेला ढकललं जातं. पण जसजसं खोल जावं तसतसं जड पाण्याचं वजन साचत जातं. एका खोलीवर दोन्हींचा दाब सारखा होतो, आणि त्याच्या खाली जड पाण्याची सरशी होते. तिथून पाणी उत्तरेला ढकललं जातं. दोघांत वरचा प्रवाह मोठा. तो जेवढं पाणी नेतो त्याच्या जेमतेम निम्मं खालचा परत आणतो. उरलेला फरक नद्यांची आणि पावसाची देणगी.

कोळ्यांना हे कायम ठाऊक होतं. प्रोकोपियसने सहाव्या शतकात त्यांच्या तोंडून ऐकून लिहिलं, की जाळं खोल सोडलं तर ते उलटीकडे ओढलं जातं. पिएर जीलनेही बॉस्फरसवरच्या आपल्या पुस्तकात त्याची दखल घेतली. पण विद्वानांना ते पटत नव्हतं. एकाच सामुद्रधुनीत दोन दिशा कशा?

त्याचा निकाल लावला एका विशीतल्या पोराने. लुइजी फर्दिनान्दो मार्सिली, बोलोन्याचा, १६७९ मध्ये व्हेनिसच्या वकिलातीबरोबर इस्तंबूलला आला. त्याने दोरीला ठरावीक अंतरावर पांढरे रंगवलेले बुचाचे तुकडे बांधले आणि ती पाण्यात सोडली. वरचे तुकडे प्रवाहाबरोबर गेले, खालचे उलटे फिरले. वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी काढून त्याने त्याची घनता मोजली. मग एक पेटी घेतली, मध्ये पडदा घातला. एका बाजूला जड खारं पाणी, दुसऱ्या बाजूला हलकं. पडद्याला दोन भोकं, एक वर, एक खाली. भोकं उघडली मात्र, खालच्यातून जड पाणी इकडून तिकडे आणि वरच्यातून हलकं तिकडून इकडे. अख्खा बॉस्फरस त्याने टेबलावर मांडून दाखवला. १६८१ मध्ये त्याने हे पुस्तकरूपाने छापलं, आणि समुद्राच्या प्रवाहांच्या अभ्यासाचा पाया ज्या थोड्या कामांनी घातला त्यात याची गणना होते. घरी करून बघता येतो हा प्रयोग. काचेचं भांडं, मीठ आणि खाण्याचा रंग एवढंच लागतं.

या मार्सिलीची पुढची हकीकत सांगण्याचा मोह आवरत नाही. दोनच वर्षांनी, १६८३ मध्ये, तो ऑस्ट्रियाच्या बाजूने लढताना पकडला गेला, गुलाम म्हणून विकला गेला आणि व्हिएन्नाच्या वेढ्यात तुर्की छावणीतल्या कॉफीच्या तंबूत राबला. सुटून आल्यावर त्याने काय केलं? कॉफीवर पुस्तक लिहिलं.

खालचा प्रवाह काळ्या समुद्रात पोचला की संपत नाही. तिथल्या उथळ तळावर तो नदी होऊन वाहत राहतो. तिला पात्र आहे, काठ आहेत, फाटे आहेत. शेवटी हे जड पाणी खोल तळाशी जाऊन बसतं आणि वरच्या हलक्या पाण्यात मिसळत नाही. म्हणून दीड-दोनशे मीटरच्या खाली काळ्या समुद्रात प्राणवायूच पोचत नाही. लाकूड पोखरणारे किडे तिथे जगत नाहीत. २०१८ मध्ये बल्गेरियाच्या किनाऱ्यापलीकडे दोन किलोमीटरहून जास्त खोलीवर सापडलेलं २४०० वर्षांपूर्वीचं ग्रीक जहाज जाहीर झालं, ते डोलकाठीसकट शाबूत होतं.

संध्याकाळी काठाकाठाने थांबत जाणारी बोट धरून पलीकडे आशियात चेंगेलकोयला उतरले. बोटीवर कंबर बारीक असलेल्या काचेच्या पेल्यातला लालबुंद चहा मिळतो. दूध मागू नका, बरं दिसत नाही. समोरून एक तेलवाहू जहाज येत होतं. कांदिल्लीजवळ, जिथे बॉस्फरस सगळ्यात खोल, ११० मीटरच्या आसपास आहे, तिथेच त्याला मोठं वळण घ्यावं लागतं, तेही मागून प्रवाह ढकलत असताना. अवजड जहाजांचा खालचा भाग वेगळ्या पाण्यात आणि वरचा वेगळ्या पाण्यात, असंही काही ठिकाणी होतं. एवढं मोठं धूड इतक्या हळू, इतक्या जपून वळताना बघून बोटीवरच्या बायकासुद्धा गप्प झाल्या.

परतीला बस आणि उस्कुदारहून मार्मराय. ही रेल्वे समुद्राखालून आशियातून युरोपात येते. बोगद्याचे काँक्रीटचे अजस्र तुकडे बोटींनी ओढून आणून तळावर खणलेल्या चरात एकापुढे एक बसवले. ते सोडताना वर एक प्रवाह आणि खाली उलटा, दोन्हींचा अंदाज घेऊन वेळ ठरवावी लागे. काम लांबलं मात्र वेगळ्याच कारणाने. पलीकडे येनीकापी स्थानकासाठी खणताना जुनं बंदरच लागलं. त्यात पाचव्या ते अकराव्या शतकांतली ३७ जहाजं, आणि त्याखाली आठ हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची पावलं. बंदर गाळाने बुजवलं होतं ते शहरातल्या त्या एकुलत्या ओढ्याने, लायकसने. पुरातत्त्ववाल्यांनी वर्षानुवर्षं काम अडवून धरलं, आणि ते योग्यच झालं. गाडी धावली २९ ऑक्टोबर २०१३ ला.

इस्तंबूलला गेलात तर राजवाड्यांची तिकिटं काढाच, पण उस्कुदार ते सिर्केजी ही चार मिनिटांची गाडी चुकवू नका. खिडकीतून काही दिसत नाही. आपण समुद्रसपाटीच्या खाली साठ मीटरवर असतो. डोक्यावर उत्तरेला जाणारं भूमध्याचं पाणी, त्याच्यावर दक्षिणेला जाणारं काळ्या समुद्राचं. आणि थोडं उत्तरेला, याहूनही खोल, खडकातून खोदलेल्या आणखी एका बोगद्यातून दीडशे किलोमीटरहून लांबच्या मेलेन नदीचं गोडं पाणी आशियातून युरोपात येतं. दीड कोटींच्या शहरातल्या नळाला आज येणारं पाणी काही अंशी ते आहे.